‘करून राहिलो’ आणि खिडकीतले रुमाल : इश्यू असाइन होतात, काम होत नाही

लक्षण असं. गिटहबवरच्या आमच्या रेपोत (प्रकल्पाचा कोड जिथे असतो तिथे) साठेक इश्यू (चुका आणि कामांच्या नोंदी) उघडे आहेत, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांवर कुणाचं ना कुणाचं नाव लागलेलं आहे, आणि तरी महिनाभरात एकही पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल कोडमध्ये घ्या’ ही विनंती) नाही. नवीन मुलगी येते, यादी चाळते, सोपं ते सगळं ‘घेतलेलं’ दिसतं, निघून जाते. ज्याचं नाव आहे त्याला विचारावं तर दोन दिवसांनी उत्तर येतं, ‘करून राहिलो सर.’ (मी सर नाही, पण ते जाऊ द्या.)

नागपूरबाहेरच्यांसाठी : ‘करून राहिलो’ म्हणजे ‘करतोय’. फक्त ‘करतोय’ ऐकलं की काम कधीतरी संपेल असं वाटतं. ‘करून राहिलो’ला शेवट नसतो. आमच्या एका इश्यूवर एकाच मुलाची ही कमेंट चार वेळा आहे, जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत.

हा आजार आम्हाला तीनदा झाला. दोनदा बरा झाल्यासारखा वाटला आणि उलटला. तिसऱ्यांदा जे केलं ते दीड वर्ष टिकलंय, म्हणून लिहिते आहे. आमचा प्रकल्प लहान आहे : गावच्या सार्वजनिक वाचनालयांसाठी पुस्तकांची नोंद आणि देवघेव ठेवणारं सॉफ्टवेअर, मराठी शोधासकट. आम्ही चौघं मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, पोटापाण्याच्या नोकऱ्या वेगळ्या, आणि रविवारी सकाळी आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री पोहे खाताना जे ठरतं तेच ठरतं. खालचं सगळं गिटहबबद्दल आहे, म्हणजे कोड ठेवायच्या आणि मिळून लिहायच्या संकेतस्थळाबद्दल.

भांडण कशावरून झालं

एक इश्यू होता : ‘दुसऱ्या’ असं शोधलं की अर्धीच पुस्तकं सापडतात. कारण गमतीचं आहे. पडद्यावर एकसारखा दिसणारा ‘ऱ्या’ आमच्या नोंदींत तीन तऱ्हांनी टाइप झालेला होता. कुणी ऱ हे एकच अक्षर वापरलेलं, कुणी र आणि त्याखाली नुक्ता, आणि काही जुन्या नोंदींत र, हलन्त आणि त्यामागे डोळ्याला न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. वाचणाऱ्याला एक, संगणकाला तीन. युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण चालवलं की पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी होत नाही, तिच्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. आणि घाईत नुसता जोडक पुसला तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार डोक्यावर जाऊन बसतो.

वर्ध्याच्या एका मुलानं पहिल्याच दिवशी हा इश्यू मागितला. आम्ही दिला. सात आठवडे शांतता. मग अमरावतीच्या एका मुलीनं कुणालाही न विचारता पीआर टाकला, एनएफसीवाला. तो बघून दोन दिवसांत वर्ध्याच्या मुलाचाही आला, जोडकाचा नियम लिहिलेला. दोघांचंही अर्धं बरोबर. कमेंटींमध्ये मात्र जुंपली. त्याचं म्हणणं, ‘इश्यू माझ्या नावावर होता.’ तिचं म्हणणं, ‘दीड महिना कुठं होतास मग?’

नावावर होता. हा शब्दप्रयोग मी त्या दिवशी नीट ऐकला. हा तर सातबारा झाला! असाइनीचा (इश्यू ज्याच्याकडे सोपवला त्याच्या नावाचा) चौकोन आम्ही ‘सध्या हे कोण बघतंय’ एवढी बातमी देण्यासाठी वापरत होतो, आणि येणारी पोरं त्याला मालकीची नोंद समजत होती. बसस्थानकावर गाडी लागताच खिडकीतून आत टाकतात तो रुमाल. टाकणारा कधी कधी चढतही नाही, मागच्या गाडीनं जातो. पण रुमाल आहे तोवर त्या सीटवर दुसरं कुणी बसत नाही, उभ्यानं कोंढाळीपर्यंत जाईल पण बसणार नाही.

दोन्ही पीआर एकत्र करून दोघांच्या नावानिशी मर्ज केले, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतले. ते सोपं होतं.

पोरांना दोष देण्याआधी एक गोष्ट. ही ‘प्लीज असाइन करा’ची सवय निम्मी साधनानंच लावलेली आहे. बाहेरून आलेल्या माणसाला गिटहबवर स्वतःचं नाव स्वतः लावताच येत नाही, त्याला रेपोवर अधिकार लागतो. म्हणजे येणाऱ्याचं आमच्याशी पहिलं बोलणं मागणीनंच सुरू होतं, कोडबद्दलचं काही त्यात नसतंच.

जे उपाय चुकले

पहिला : असाइन करणंच बंद, जो आधी पीआर टाकेल त्याचं. ऐकायला न्याय्य वाटतं. ऑक्टोबर आला आणि माहितीपानावरच्या एकाच ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसाठी पाच पीआर आले. हॅक्टोबरफेस्टला (ऑक्टोबरात पीआर टाकायला लावणारा उपक्रम) नावं ठेवायची नाहीत, त्यांनाही 2020 मध्ये टी-शर्टसाठी आलेल्या पोकळ पीआरांच्या पुरापायी महिना चालू असतानाच नियम बदलावा लागला होता, ज्या रेपोनं स्वतःहून होकार दिला तीच धरायची म्हणून. आमच्याकडे भर पडली ती एका कॉलेजची. तिथं पीआरच्या संख्येवर अंतर्गत गुण ठेवलेले, हे आम्हाला फार उशिरा कळलं. चार जणांची मेहनत वाया गेली आणि ते चौघंही परत आले नाहीत.

दुसरा : स्टेल बॉट, म्हणजे शिळे इश्यू हुडकणारा, आपोआप चालणारा प्रोग्रॅम. गिटहबची तयार स्टेल ॲक्शन आहे. काही बदललं नाही तर ती 60 दिवस हालचाल नसलेल्या इश्यूला लेबल लावते आणि आणखी 7 दिवसांनी तो बंद करते. इश्यू बंद करते, नाव काढत नाही! पोट दुखतंय आणि औषध डोळ्यात. बग जिथल्या तिथे, यादीतून मात्र गायब. शिवाय इश्यूवर कुणी काहीही लिहिलं की लेबल उतरतं आणि घड्याळ शून्यावर येतं. एक ‘करून राहिलो’ आणि पुढचे 60 दिवस निर्धास्त. आम्ही रुमाल वाळत घालायला दोरीच बांधून दिली होती.

तिसरी गोष्ट उपाय म्हणून केली नव्हती, अपघातानं झाली. रेपो तोवर माझ्या खाजगी खात्यावर होती. तिथे सहकारी घ्यायचा तर त्याला थेट कोड ढकलायचा अधिकार द्यावा लागतो, मधली पायरी नाही. ऑर्गनायझेशनमध्ये (गिटहबवरच्या सामाईक खात्यात) ट्रायाज नावाची भूमिका मिळते : माणूस लेबलं लावू शकतो, असाइन करू शकतो, कोडला हात लावू शकत नाही. तेवढ्यासाठी रेपो हलवली. हलवण्याआधी कागदपत्र वाचायला हवी होती. खाजगी खात्यावरून ऑर्गनायझेशनकडे रेपो गेली की जे त्या ऑर्गनायझेशनचे सदस्य नाहीत त्यांची नावं इश्यूंवरून पुसली जातात. सत्तावीस इश्यू एका मिनिटात मोकळे.

मी घाबरले. माफीची कमेंट लिहून तयार ठेवली. दहा दिवसांत एक, अक्षरशः एक निरोप आला, तो अमरावतीच्या त्या मुलीचा, ‘ताई, माझं नाव गेलंय, मी त्याच्यावर काम करतेय, ड्राफ्ट लावलाय बघा.’ बाकी सव्वीस रुमाल उडाले आणि कुणालाही पत्ता नाही.

आता काय करतो

त्या सव्वीसांनी दाखवून दिलं की नाव काढल्यानं कुणी दुखावत नाही, नाव काढायला आम्हीच लाजत होतो. तेव्हा लाजायचं काम यंत्राकडे दिलं आणि आमच्याकडे तीन नियम ठेवले.

मागितल्यानं नाव लागत नाही. इश्यूखाली तीन ओळी लिहायच्या : बग आपल्या मशीनवर दिसला का, कुठल्या फाइलमध्ये हात घालावा लागेल, साधारण काय करणार. चुकलं तरी चालेल. या तीन ओळी जो लिहितो तो बहुतेक वेळा काम करतो, आणि जो नुसता रुमाल टाकायला आलेला असतो तो इथेच गळतो. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या तीन ओळीही येतात, त्या ओळखायला अवघड नाहीत, त्यांत आमच्या रेपोत नसलेल्या फाइलींची नावं असतात.

नाव लागल्यावर चौदा दिवसांत ड्राफ्ट पीआर. अर्धवट, चाचण्या लाल, काहीही चालेल, पण दिसलं पाहिजे. गिटहबवर ड्राफ्ट पीआरची सोय 2019 पासून आहे आणि माझ्या मते ‘करून राहिलो’वरचं खरं औषध तेच आहे. कोड दिसला की विचारावंच लागत नाही. चौदाव्या दिवशी काही नसेल तर नाव उतरतं, इश्यू उघडाच राहतो. मोठे प्रकल्पही यापेक्षा फार वेगळं करत नाहीत. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या नियमांत लिहिलेलं आहे की तिकीट (त्यांच्याकडचा इश्यू) घेऊन प्रगती कळवली नाही आणि विचारल्यावर उत्तरही दिलं नाही तर तुमचा दावा काढला जाऊ शकतो. आम्ही फक्त ‘शकतो’ काढून तारीख घातली.

एका वेळी एका माणसाकडे एकच इश्यू. गिटहब एका इश्यूवर दहा जणांना बसू देतं, आम्ही एकालाच. जोडीनं काम करणारे असतील तर दोघं.

आता ज्या जागी आमचं सगळ्यात जास्त चुकलं ते सांगते. नियम लागू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात बॉटनं चंद्रपूरच्या एका मुलाचं नाव उतरवलं. त्यानं लिहिलं, ‘ताई, मी तर तुमचीच वाट पाहून राहिलो होतो.’ उघडून बघितलं तर खरंच. त्यानं पाचव्या दिवशी प्रश्न विचारलेला, देवघेवीच्या तक्त्यात नवीन रकाना चालेल का म्हणून. प्रश्न आमच्या चौघांपैकी एकानंही वाचला नव्हता. तेव्हा मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरसमोरून कुणी उठायला तयार नाही, पण ती काही सबब नाही.

त्या रात्री मी जुने ‘मेलेले’ बारा इश्यू एकेक करून वाचले. पाचांमध्ये शेवटचं वाक्य आमच्याकडे बोट दाखवणारं होतं : रिव्ह्यू करा, हे चालेल का, कोडच्या कुठल्या ब्रँचवर. म्हणजे महिनोन्महिने आम्ही ज्यांना आळशी समजत होतो त्यांतले बरेच जण काउंटरसमोर टोकन घेऊन उभे होते आणि खिडकी आम्हीच लावून घेतली होती.

म्हणून घड्याळ आता एकाच बाजूचं मोजतं. इश्यूवर किंवा त्याच्याशी जोडलेल्या पीआरवर शेवटचं बोलणं असाइनीचं असेल तर ‘आमच्याकडे’ असं लेबल आपोआप लागतं आणि चौदा दिवस थांबतात. आमच्यापैकी कुणी उत्तर दिलं की लेबल उतरतं, मोजणी पुढे सुरू. अट एकच : नुसत्या ‘करून राहिलो’नं लेबल लागत नाही, प्रश्नचिन्ह किंवा पीआरमधला नवीन कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) लागतो. प्रश्नचिन्ह शोधणं हा गावठी उपाय आहे हे मान्य, पण चालतो. रविवारी पोह्यांच्या गाडीवर आधी ‘आमच्याकडे’ची यादी उघडायची, मग दुसरी प्लेट, असं ठरलंय. यादी लांब असली की तर्री जरा जास्त तिखट लागते.

बॉट बसवताना ठेचा लागल्या त्या जागा

इथे तुमचे दोन दिवस वाचतील, म्हणून सविस्तर.

असाइनी निवडायच्या यादीत माणसाचं नाव शोधूनही सापडत नाही, अशी तक्रार सगळ्यात जास्त येते. बाहेरच्या माणसानं त्या इश्यूवर आधी एखादी कमेंट केलेली असेल तरच त्याला असाइन करता येतं. त्यानं तुम्हाला फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर विचारलं असेल तर नाव दिसणार नाही. एक कमेंट टाकायला सांगा, लगेच दिसेल. आमच्या तीन ओळींच्या नियमात हे आपोआप सुटतं.

कमेंटमध्ये तिरपी रेघ आणि असाइन हा शब्द लिहून नाव लावून घ्यायची पद्धत कुबरनेटिस या मोठ्या मुक्त प्रकल्पामुळे पुष्कळांना माहीत असते, आम्हीही तीच ठेवली. हा वर्कफ्लो (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची फाइल) कमेंटच्या घटनेवर चालतो आणि अशा घटनेसाठी गिटहब फक्त मुख्य ब्रँचवरची फाइल वाचतं. मी वेगळ्या ब्रँचवर ठेवून संध्याकाळभर कमेंटी टाकत बसले होते. काहीच हलेना. मर्ज केल्यावर पहिल्या फटक्यात चालला.

हीच घटना पीआरखालच्या कमेंटींवरही उडते, कारण गिटहबच्या लेखी पीआर हाही एक इश्यूच. ‘हा पीआर आहे का’ ही तपासणी घातली नाही तर रिव्ह्यूत कुणी असाइन शब्द टाकला की बॉट भलत्याच ठिकाणी नाव लावतो.

अधिकार : 2023 पासून नव्या ऑर्गनायझेशनमध्ये आणि खाजगी खात्यांवरच्या नव्या रेपोंमध्ये वर्कफ्लोला मिळणारं टोकन (त्याची परवानगीची किल्ली) मुळात फक्त वाचू शकतं. इश्यूंवर लिहायची परवानगी फाइलीत स्पष्ट मागावी लागते. आणि एपीआयची (प्रोग्रॅमनं गिटहबशी बोलायच्या सोयीची) एक खोड अशी की असाइन करणाऱ्याचा अधिकार कमी पडला तर ती असाइनीचं नाव गुपचूप गाळते, आरडाओरडा करत नाही. आमचा बॉट ‘नाव लावलं, शुभेच्छा!’ म्हणून मोकळा व्हायचा आणि चौकोन रिकामाच. आता उत्तरात परत आलेली असाइनींची यादी वाचून, नाव त्यात असेल तरच तो शुभेच्छा देतो.

याहून चकवणारी ठेच पुढची. आम्ही दुसरा वर्कफ्लो ठेवला होता : इश्यू असाइन झाला की नियम सांगणारी कमेंट टाकायची. हातानं असाइन केलं की चालायचा, बॉटनं केलं की गप्प. कारण वर्कफ्लोच्या स्वतःच्या टोकननं केलेल्या कामातून दुसरा वर्कफ्लो सुरू होत नाही, एकमेकांना उठवत राहू नयेत म्हणून गिटहबनं मुद्दाम तसं ठेवलंय. दोन्ही पायऱ्या एकाच फाइलीत घातल्या, प्रश्न संपला.

कमेंटचा मजकूर थेट शेलच्या आज्ञेत चिकटवू नका. कुणीही अनोळखी माणूस तिथे वाटेल ते लिहू शकतो आणि ते तुमच्या टोकनच्या अधिकारानं चालेल. आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घ्या. हे मला दुसऱ्या मेंटेनरनं दाखवलं, मी आनंदानं चिकटवून बसले होते.

नावं उतरवणाऱ्या वर्कफ्लोचं नाव आम्ही ‘मारबत’ ठेवलंय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, गावची रोगराई, इडापीडा तिच्याबरोबर बाहेर. आमची रोज निघते आणि नाव उतरलं की लॉगमध्ये छापते, ‘घेऊन जा गे मारबत’. पुण्याच्या एका कॉन्ट्रिब्युटरनं हा बग म्हणून नोंदवला होता.

वेळापत्रकाचा क्रॉन (कधी चालायचं ते सांगणारी ओळ) मुळात यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेत असतो. सकाळी नऊला हवा तर साडेतीन लिहा. मी नऊ लिहिले आणि मारबत दुपारी अडीचला निघू लागली. आणखी एक : सार्वजनिक रेपोत 60 दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब वेळापत्रकाचे वर्कफ्लो बंद करून टाकतं. आमच्याकडे परीक्षा आणि ऊन एकत्र येतात, एप्रिल-मेमध्ये रेपोत चिटपाखरू नसतं, आणि जूनमध्ये पोरं परत आली तेव्हा मारबत झोपलेली होती. ॲक्शन्सच्या पानावर जाऊन हातानं सुरू करावी लागते. पावसाळा लागला की बघायच्या कामांत आता तेही आहे.

गिटहबसारख्याच गिटलॅबवर असाल तर असाइन आणि अनअसाइनच्या आज्ञा कमेंटमध्ये आधीपासूनच चालतात, आणि फुकट योजनेत एका इश्यूवर एकच असाइनी असतो, तेव्हा एक नियम तुम्हाला आयताच मिळाला.

जे अजून सुटलेलं नाही

मोठे इश्यू. पावतीचा छापील नमुना बदलायचा इश्यू दोन वर्षं पडून आहे. तो चौदा दिवसांत होणारा नाही, आणि तीन ओळींची योजना त्याला पुरत नाही. चार जणांनी घेतला, चार जणांचं नाव उतरलं. तो फोडून सात लहान इश्यू करायला हवेत आणि ते काम आमचं आहे, बॉटचं नाही. दर रविवारी निघतं, दर रविवारी पोहे संपतात.

मार्चच्या आसपासची गर्दीही आहेच. गूगलच्या समर ऑफ कोडला (नवख्यांनी मुक्त प्रकल्पांत कोड लिहायचा उपक्रम) 2022 पासून विद्यार्थी असण्याची अट राहिली नाही, तेव्हा नोकरी करणारेही येतात. आम्ही त्यात भाग घेत नाही, तरी ओळख दाखवायला एखादा मर्ज झालेला पीआर हवा म्हणून लोक येतात. त्या दिवसांत ‘पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी’ लेबलाचे इश्यू एकदम न सोडता आठवड्याला दोन-तीन सोडतो.

नाव उतरवताना बॉट टाकतो ती कमेंट खाली देते, उचला आणि वापरा. पहिल्या मसुद्यात ‘निष्क्रियतेमुळे’ असा शब्द होता. ऑफिसातल्या मेमोसारखा वाटला, काढला.

‘नमस्कार. चौदा दिवसांत ड्राफ्ट दिसला नाही म्हणून हा इश्यू मोकळा केला आहे. काम अर्धं झालं असेल तर जसं आहे तसं टाका, नाव लगेच परत लागेल, पुन्हा मागायची गरज नाही. आमच्याकडून काही अडलं असेल तर इथेच प्रश्न लिहा, घड्याळ थांबेल. दुसऱ्या कुणाला घ्यायचा असेल तर वरच्या कमेंटी आधी वाचा, निम्मा रस्ता झालेला असू शकतो.’